टाइप वन मधुमेह, गरोदरपण आणि दंडावरचा सेन्सर : इंदूरच्या घरातून एक परीक्षण

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा आणि साखरेचा अंदाज दिवसरात्र देत राहणारा सेन्सर माझ्या मुलीने संपूर्ण गरोदरपणात वापरला. तिला शाळेत असल्यापासून टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा प्रकार, त्यामुळे इन्सुलिनची पेनं, सुया आणि बोट टोचणे आमच्या घराला नवीन नाही. पाचवा महिना संपल्यावर, ऐन थंडीत, ती पुण्याहून इंदूरला माहेरी आली आणि बाळंतपणानंतरही काही महिने येथेच राहिली. त्या काळात स्वयंपाक माझ्याकडे होता, आणि सेन्सरचे आकडे तिच्या फोनप्रमाणे माझ्याही फोनवर येत होते. म्हणून हे परीक्षण वापरणारीचे नसून तिची काळजी वाहणाऱ्या आईचे आहे. ज्या घरी मधुमेह असलेली मुलगी किंवा सून गरोदर आहे आणि एवढे पैसे घालावेत की नाही असा प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी ते लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या बहुतेक सेन्सरांना कमीअधिक लागू पडते.

माझे मत आधीच सांगते. टाइप वन मधुमेह असेल, तर दिवस गेल्याचे कळताच, शक्य असल्यास त्याही आधीपासून, हा सेन्सर लावावा आणि त्याचे पैसे डोहाळजेवणाच्या व बारशाच्या खर्चाआधी बाजूला काढावेत. गरोदरपणातच पहिल्यांदा निघालेला मधुमेह असेल, तर माझे मत इतके ठाम नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

वस्तू म्हणाल तर अगदी साधी दिसते. साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाची चपटी चकती असते, आणि तिच्या मधोमध केसासारखा मऊ तंतू असतो, जो त्वचेखाली पाच-सहा मिलिमीटर जातो. लावताना सोबतच्या साच्याने दाबायचे असते. मुलीच्या सांगण्याप्रमाणे बोट टोचण्यापेक्षा ते कमी दुखते. हा तंतू रक्तातली साखर मोजत नाही, तर पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. लावल्यानंतरचा पहिला एक तास आकडा मिळत नाही, त्यानंतर चौदा दिवस तो चालतो. आकड्याशेजारी एक बाण येतो: साखर स्थिर आहे, चढते आहे की उतरते आहे, हे त्यावरून कळते. माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा तो बाण अधिक मोलाचा आहे. १०० हा आकडा सपाट बाणासह आला तर निश्चिंत झोपावे. तोच सरळ खाली तोंड केलेल्या बाणासह आला तर आधी काहीतरी खावे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर दोन्ही वेळा नुसते १०० दिसतात.

गरोदरपणात एवढ्या बारकाईने साखर पाहण्याचे कारण आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नीट समजावले, आणि ते घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते. आईच्या रक्तातली साखर वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे आईची साखर वाढली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते. बाळ आडव्या अंगाने वाढते, प्रसूती अवघड होते, आणि जन्मानंतर आईकडून येणारी साखर एकदम थांबली तरी बाळाचे इन्सुलिन काही काळ तसेच वाढलेले राहते, म्हणून नवजात बाळाची साखर घसरते आणि त्याला काचेच्या खोलीत ठेवण्याची वेळ येते. यासाठीच गरोदरपणातल्या मर्यादा एरवीपेक्षा कडक असतात: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला वर जाऊ द्यायचे नाही आणि खाली घसरूही द्यायचे नाही अशा अरुंद पट्ट्यात नऊ महिने राहायचे असते.

बोट टोचून हे साधता येत नाही असे नाही. आपल्याकडच्या असंख्य बायकांनी ते साधले आहे आणि आजही साधत आहेत. पण दिवसातून सात-आठ वेळा टोचले तरी ते सात-आठ क्षणच असतात, आणि त्यांतला एकही क्षण सहसा रात्री अडीचचा नसतो. सेन्सरचे खरे काम तिथे आहे. जानेवारीच्या सुमारास मुलीची सकाळची उपाशीपोटी साखर सतत मर्यादेच्या वर येऊ लागली. नुसत्या सकाळच्या आकड्यावरून कोणीही म्हणाले असते की रात्रीचे इन्सुलिन वाढवा. आलेखात मात्र असे दिसत होते की मध्यरात्रीनंतर साखर ६५ च्या आसपास उतरते आणि पहाटे चारनंतर चढू लागते. रात्रीचा डोस वाढवला असता तर झोपेतच ती आणखी खाली गेली असती. डॉक्टरांनी डोस न वाढवता तो विभागला आणि त्याची वेळ बदलली. चार-पाच रात्रींत रेघ सरळ झाली. या एका प्रसंगाने सेन्सरची सगळी किंमत वसूल झाली असे मी मानते.

हा केवळ आमच्या घरचा अनुभव नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘कन्सेप्ट’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. कॅनडा, ब्रिटन, स्पेन, इटली, आयर्लंड आणि अमेरिका येथील ३१ रुग्णालयांतून टाइप वन असलेल्या ३२५ स्त्रियांनी तीत भाग घेतला. त्यांपैकी २१५ गरोदर होत्या आणि बाकीच्या गरोदर राहण्याच्या तयारीत होत्या. निम्म्यांना बोट टोचण्याबरोबर सेन्सरही दिला होता, निम्म्या फक्त बोट टोचत होत्या. सेन्सर लावलेल्या गरोदर स्त्रियांची साखर ६८ टक्के वेळ योग्य पट्ट्यात राहिली, दुसऱ्या गटाची ६१ टक्के. सात टक्क्यांचा हा फरक कागदावर लहान दिसतो, पण तो दिवसाला सुमारे शंभर मिनिटांचा आहे. बाळांच्या बाबतीत तर तो डोळ्यांत भरण्याजोगा निघाला: गर्भातल्या आठवड्यांच्या मानाने मोठी बाळे ६९ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आली, चोवीस तासांहून अधिक काळ नवजात अतिदक्षता विभागात ठेवावी लागलेली बाळे ४३ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आली, आणि शिरेतून साखर द्यावी लागेल इतकी घसरण २८ टक्क्यांऐवजी १५ टक्क्यांत झाली. त्यानंतर, डिसेंबर २०२० मध्ये, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने टाइप वन असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला सतत साखर मोजणारा सेन्सर देऊ करावा अशी शिफारस केली. आपल्याकडे तो स्वतःच्या खिशातूनच घ्यावा लागतो, हे दुःख आहेच.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी असताना हे कशाला, असे आमच्या एका परिचितांनी विचारले. ते स्वतः औषध-व्यवसायातले आहेत, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर दिले आणि तेच येथे देते. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे ही तपासणी खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकते. उलट, लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असेल, आणि आपल्याकडे तो किती बायकांना असतो, तर ती जास्त दाखवू शकते. शिवाय सरासरी म्हणजे सरासरीच: ५० आणि १९० यांची सरासरी १२० येते आणि कागदावर सगळे छान दिसते.

सेन्सर घेणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवशीच करावी, जी खोक्यातल्या माहितीपत्रकात ठळक नसते. फोनमधल्या ॲपवर योग्य पट्टा बहुधा ७० ते १८० असा आधीच ठरवलेला असतो. तो सर्वसाधारण मधुमेहींसाठी आहे. टाइप वन असलेल्या गरोदर स्त्रीसाठी तो ६३ ते १४० असा धरतात, आणि २०१९ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार दिवसातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे जवळजवळ सतरा तास, साखर त्या पट्ट्यात असावी. १४० च्या वर २५ टक्क्यांहून कमी, ६३ च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहूनही कमी वेळ असावा. पट्टा बदलला नाही तर दुपारभर १६५ असलेली साखरही ॲप हिरव्या रंगात दाखवते आणि दोन आठवड्यांचा अहवाल उगाच सुंदर दिसतो. डॉक्टरांकडे जाताना हा बदल केलेला आहे ना, हे तपासून जावे. आठवड्यांगणिक हे टक्के वाढत गेले तर आनंद मानावा. पहिल्याच आठवड्यात सत्तर गाठले नाहीत म्हणून खचू नये.

आता स्वयंपाकघराविषयी, कारण माझा जास्तीत जास्त संबंध तेथे आला. इंदूरमध्ये सकाळ पोह्यांनी होते. मराठी घरात कांदेपोहे होतात, आणि घराबाहेर शेव आणि जिरावण मसाला घातलेले पोहे जिलबीसोबत मिळतात. जिलबी तर सोडूनच द्या, पण घरच्या साध्या पोह्यांनीही मुलीची साखर तासाभरात जिथे जायला नको तिथे जात असे. गरोदरपणात सकाळच्या वेळी शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देते, हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण आलेखात ते रोज दिसू लागल्यावर मनात ठसले. पोहे बंद न करता आम्ही त्यांचे प्रमाण निम्म्यावर आणले, त्यांत मोड आलेले मूग आणि शेंगदाणे भरपूर घातले, आधी एक अंडे किंवा पनीर खाल्ले, आणि इंजेक्शन व पहिला घास यांच्यातले अंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवत नेले. शेवटच्या तिमाहीत जलद इन्सुलिनचाही परिणाम उशिरा सुरू होतो, त्यामुळे पंधरा मिनिटांचे अंतर पुरेनासे झाले. तेच पोहे संध्याकाळी खाल्ले तर इतका त्रास देत नसत, हेही आम्हाला सेन्सरमुळेच समजले. दिवसा काय चालते आणि सकाळी काय चालत नाही, अशी तिची स्वतःची यादी महिन्याभरात तयार झाली. दुसऱ्या कोणाची यादी तिला लागू पडली नसती आणि तिची दुसऱ्या कोणाला लागू पडणार नाही, म्हणून ती येथे देत नाही.

गराडूचा, म्हणजे इंदूरकडे थंडीत तळून खातात त्या कंदाचा, एक अनुभव मात्र सांगते. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गराडूंची तिची इच्छा होती आणि ती मोडावी असे मला वाटले नाही. खाल्ल्यानंतर दोन तासांनी बोट टोचले तर आकडा उत्तम होता. पण तेल-तुपाचे पदार्थ पोटातून सावकाश उतरतात. साखर चढू लागली ती रात्री साडेबाराच्या पुढे, आणि बराच वेळ वरच राहिली. फक्त ग्लुकोमीटर असता तर गराडू तिला मानवले असेच आम्ही धरून चाललो असतो. पुढच्या खेपेला तिने ते दुपारी आणि मोजून खाल्ले. डोहाळजेवणाच्या दिवशीही तेच धोरण ठेवले: साखरभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या ताटात होत्या, तिने त्या जेवणाच्या शेवटी थोड्याथोड्या घेतल्या, इन्सुलिन त्या हिशेबाने आधी घेतले होते, आणि बाण पाहून संध्याकाळी गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे चालली. मधुमेह असलेल्या मुलीला स्वतःच्या डोहाळजेवणात पाहुण्यांसारखे बसावे लागू नये, असे मला मनापासून वाटते, आणि या उपकरणाने ते शक्य केले.

उणिवा पुष्कळ आहेत आणि त्या नीट माहीत नसतील तर सेन्सर धोकादायकही ठरू शकतो. पहिली उणीव ही की त्याचा आकडा रक्ताच्या मागे पाच ते पंधरा मिनिटे असतो. साखर स्थिर असताना फरक पडत नाही. पण साखर वेगाने उतरत असताना सेन्सर ७५ म्हणत असतो आणि रक्तात ती ६० असू शकते. घाम, थरथर, धडधड जाणवली तर सेन्सर काही म्हणो, बोट टोचून पाहावे, आणि टोचायला वेळ नसेल तर आधी ग्लुकोज घ्यावे. याच्या उलट बाजू अशी की पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, घेतल्यानंतर रक्तातली साखर वर आलेली असते, तरी सेन्सर अजून खालचाच आकडा दाखवत राहतो. घाबरून पुन्हा खाल्ले, त्यानंतर पुन्हा खाल्ले, की तासाभराने साखर दोनशेच्या घरात जाते. पंधरा मिनिटांनी बोट टोचून खात्री करावी, सेन्सरवर विसंबू नये. गरोदर स्त्रियांवर केलेल्या एका अभ्यासात अशा सेन्सरचा आकडा प्रत्यक्षाहून सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे असल्याचे आढळले होते. एवढा फरक चालण्याजोगा आहे, पण कडेच्या आकड्यांवर इन्सुलिनचा डोस ठरवायचा असेल तर पट्टीची साथ हवीच. सेन्सर आला म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकू नये.

दुसरी गोष्ट केवळ गरोदरपणात उद्भवते. डॉक्टर डाव्या कुशीवर झोपायला सांगतात आणि सेन्सर डाव्या दंडावर असतो. अंगाखाली दंड दाबला गेला की तेथील द्रव हलत नाही आणि सेन्सर साखर खोटीच कमी दाखवतो. रात्री दोन वाजता फोन ओरडतो, सगळे घर उठते, बोट टोचले तर १०२ निघते. सातव्या महिन्यापासून आम्ही सेन्सर उजव्या दंडावरच लावू लागलो आणि हे प्रकार जवळजवळ थांबले. एकाच दंडावर पुन्हापुन्हा लावायचा तर दर वेळी जागा थोडी सरकवावी, म्हणजे त्वचेला विश्रांती मिळते.

क जीवनसत्त्वाचीही काळजी घ्यावी. आपल्याकडे लोहाच्या गोळीबरोबर क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी देण्याची पद्धत आहे, आणि दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त प्रमाण झाले तर काही सेन्सर साखर आहे त्यापेक्षा वाढीव दाखवतात. वाढीव आकड्यावर इन्सुलिन घेतले तर काय होईल ते सांगायला नको. आपल्या सेन्सरच्या पत्रकात याविषयी काय लिहिले आहे ते डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीला काही अडचण येत नाही. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावा लागतो का, ते पत्रकात पाहावे. सिझेरियन ठरले असेल तर शस्त्रक्रियेतल्या विद्युत उपकरणांबाबत भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्यावे.

चिकटण्याची कथा वेगळीच आहे. थंडीत सेन्सर शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. एप्रिल उजाडला, पारा चाळिशीकडे गेला, आणि घामाने कडा सुटू लागल्या. वरून लावायची जाळीदार चिकटपट्टी मिळते ती उन्हाळ्यात घ्यावीच. ब्लाउजची घट्ट बाही चढवताना सेन्सर उचकटतो, म्हणून या महिन्यांत बाह्या सैल किंवा अगदी आखूड शिवून घ्याव्यात. डोहाळजेवणाला फुलांचे दागिने करणाऱ्या बाईंना सांगून एका हाताचा बाजूबंद कोपराजवळ बांधला, त्यानेही काम झाले. बाळंतपणानंतर मालीश करणाऱ्या मावशींना दंडाभोवती चार बोटे जागा तेलाविना सोडायला सांगावे लागते. तेल लागले की चिकटपणा संपतो. खोक्यावर साठवणुकीचे तापमान छापलेले असते आणि ते मे महिन्यातल्या इंदूरच्या कोणत्याही साध्या खोलीपेक्षा बरेच कमी असते. त्यामुळे उन्हाळ्यात ऑनलाइन मागवून खोके दिवसभर उन्हातल्या गाडीत फिरू देण्यापेक्षा, वातानुकूलित दुकान असलेल्या औषधविक्रेत्याकडून लागेल तसे एकेक-दोनदोन आणणे मला योग्य वाटले. एक सेन्सर मुदतीआधीच बंद पडला. तो बदलून मिळाला, पण त्यासाठी खोक्यावरचा अनुक्रमांक लागला, म्हणून चौदा दिवस पुरे होईपर्यंत खोके टाकू नये.

या परीक्षणात एक मुद्दा घरातल्या माणसांचा आहे, आणि तो मला उपकरणाच्या तांत्रिक गुणांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आकडा सर्वांना दिसू लागला की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. सुरुवातीच्या दिवसांत वडीलधारी माणसे येताजाता “आता किती आहे?” असे विचारत, आणि १५० म्हटले की “काय खाल्लंस?” हा पुढचा प्रश्न येई. विचारणाऱ्यांच्या पोटात माया होती, पण ऐकणारीला दिवसातून वीस वेळा परीक्षा दिल्यासारखे वाटे. अखेर तिने मला शांतपणे सांगितले, “आई, तुझ्या फोनवर सगळं येतंच आहे. साखर खाली जात असेल तरच मला हाक मार. वर असेल तर ते माझं आणि डॉक्टरांचं.” तो नियम आम्ही घरात सर्वांना सांगितला आणि पाळला. दिवस भरत जातात तशी वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढते. त्यामुळे काही न चुकताही साखर वर जाते, डोस वाढवावा लागतो, पुन्हा वर जाते. त्यात मुलीचा दोष काही नसतो. सेन्सर घरी आणणाऱ्यांनी कोणाच्या फोनवर आकडे येणार आणि त्यांवर कोण बोलणार, हे आधी ठरवावे. सासरी असलेल्या मुलीच्या बाबतीत तर हे नवऱ्याने स्वतः पुढे होऊन ठरवावे.

दोन शहरांत दोन डॉक्टर असण्याची अडचणही सेन्सरने सोपी केली. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ तिला अनेक वर्षे ओळखतात, बाळंतपण इंदूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे व्हायचे होते. दोघांसमोर तोच आलेख होता, त्यामुळे “तुम्ही काय लिहून आणले आहे ते दाखवा” हा भाग संपला आणि बोलणे थेट डोसवर येई. मात्र हे आलेख वाचणारा डॉक्टर मिळाला पाहिजे. नुसता सरासरी आकडा पाहून फोन परत देणारे डॉक्टरही आम्हाला भेटले. आलेख उघडून, रात्रीची रेघ वेगळी पाहून, प्रश्न विचारणारे डॉक्टर नसतील तर या खर्चाचा अर्धा उपयोग वाया जातो.

खर्चाचा हिशेब असा. एका सेन्सरला पाच हजारांच्या आतबाहेर पडतात. सहाव्या आठवड्यापासून अडतिसाव्यापर्यंत अखंड लावला तर सोळा सेन्सर लागतात, म्हणजे जवळपास ऐंशी हजार रुपये. ही रक्कम मोठी आहे, आणि आमच्या आरोग्यविम्याने त्यातले काहीही दिले नाही. पण दिवसाला आठ पट्ट्या, प्रत्येकी वीस रुपयांच्या, असे धरले तर चौदा दिवसांत पट्ट्यांवरच सव्वादोन हजार जातात. सेन्सरबरोबर पट्ट्या दिवसाला दोन-तीनवर येतात, तेव्हा खरा जास्तीचा खर्च वाटतो त्यापेक्षा कमी असतो. सगळे महिने परवडत नसतील तर कोणते निवडावेत, हे डॉक्टरांना विचारावे. पहिल्या तिमाहीत साखर वारंवार खाली घसरते, सहाव्या महिन्यानंतर डोस भराभर वाढतो. हे दोन काळ आम्हाला सर्वांत अवघड गेले. घ्यायचाच तर आपोआप गजर देणारा प्रकार घ्यावा. फोन जवळ नेल्यावरच आकडा सांगणारा प्रकार झोपलेल्या बाईला काही सांगू शकत नाही.

गरोदरपणातच निघालेल्या मधुमेहाविषयी. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासतात आणि १४० किंवा अधिक आले तर हे निदान होते, चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने ही पद्धत देशभर रुजली. अशा बहुतेक स्त्रियांची साखर आहार, चालणे आणि गरज पडल्यास थोडे इन्सुलिन यांनी आटोक्यात येते, रात्री घसरण्याचा धोका फार कमी असतो, आणि सेन्सरने बाळाला निश्चित फायदा होतो असा पुरावा टाइप वनसारखा भक्कम नाही. माझ्या भाचीला हे निदान झाले तेव्हा तिने सुरुवातीला एकच सेन्सर लावला, कोणत्या जेवणाने काय होते ते दोन आठवडे पाहिले, आणि पुढे बोट टोचून भागवले. मला तो मार्ग शहाणपणाचा वाटला. इन्सुलिनचे डोस मोठे असतील किंवा आधीपासून टाइप टू असेल तर डॉक्टरांचा सल्ला वेगळा असू शकतो.

प्रसूतीच्या दिवशी रुग्णालयाने दर तासाला बोट टोचूनच निर्णय घेतले आणि ते योग्यच होते. सेन्सर दंडावर होता आणि बाण त्यांनाही उपयोगी पडत होता. वार बाहेर पडली की इन्सुलिनची गरज काही तासांत कोसळते, आधीच्या रात्रीचा डोस तसाच घेतला तर तो घातक ठरतो. डॉक्टरांनी नवे डोस आधीच लिहून दिले होते. त्यानंतर अंगावर पाजणे सुरू होते आणि पाजताना किंवा पाजल्यावर साखर अचानक खाली येते, तीही रात्रीच. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर एका बाजूने साखर वर नेतात, पाजणे दुसऱ्या बाजूने खाली खेचते, आणि आईला झोप नसल्याने तिला स्वतःची घसरण जाणवतही नाही. नववा महिना संपला की सेन्सर घेणे थांबवायचे असा बहुतेकांचा विचार असतो. माझा सल्ला असा की त्या वेळी तीन सेन्सर शिल्लक राहतील अशी खरेदी करावी, म्हणजे बाळंतपणानंतरचे सहा आठवडे निघतात. पाजायच्या जागेजवळ ग्लुकोजची पुडी व पाणी ठेवावे, आणि रात्रीच्या गजराचा फोन बाळाच्या आजीच्या उशाशी असावा.